दुधाच्या पिशवीचा कोपरा

सिंक तुंबलं होतं. दोन दिवस गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, तारेनं टोचून पाहिलं, पाणी जागचं हलेना. तिसऱ्या दिवशी आमच्या भागात नळाला पाणी यायचं होतं. सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पाण्याच्या दिवशी सिंक बंद म्हणजे सगळं घर अडलं. म्हणून सकाळी सातलाच प्लंबरला बोलावलं. त्यानं सिंकखालचा ट्रॅप खोलला, बादलीत उपडा केला आणि आतला लगदा बोटांनी चाळत म्हणाला, "वैनी, हे बघा की काय निघालंय."

चहाची पत्ती, भाताची शितं, शेंगदाण्याची सालं. आणि त्या काळ्या चिखलात अडकलेले नखाएवढे त्रिकोण. निळे, पांढरे, काही निम्मे निळे निम्मे पांढरे. त्यानं एक पाण्यात खळबळून माझ्या तळहातावर ठेवला. दुधाच्या पिशवीचा कोपरा.

तो गेल्यावर मी ते सगळे धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातले आणि मोजले. 61 निघाले. आमच्या घरी रोज दोन पिशव्या दूध लागतं, म्हणजे वर्षाला 730 कोपरे. जुळे सोलापुरातल्या या घरात येऊन आम्हाला 14 वर्षं झाली. दहा हजारांवर कोपरे माझ्या हातून कापले गेले, त्यातले 61 मला सापडले. बाकीचे कुठं असतील याचा विचार करत मी तशीच खाली फरशीवर बसून राहिले. काही ओट्यावरून पोतेऱ्याबरोबर गेले असतील, काही खरकट्यातून, काही गटारातून नाल्यात आणि नाल्यातून पुढं. कुठंही गेले असले तरी कुजलेले नाहीत, एवढं नक्की. पहिल्या दिवशी कापलेला कोपरासुद्धा आज कुठंतरी आहे.

दुधाच्या पिशवीला भंगारात भाव आहे. धुऊन वाळवून ठेवली तर भंगारवाला वजनावर घेतो, ती वितळून तिचं दुसरं काही होतं. कोपऱ्याला कुणी विचारत नाही. तो इतका लहान, की कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटांतूनही निसटतो, चाळणीतूनही गळतो. निम्म्या सेकंदाच्या कात्रीच्या कामानं आपण एका विकण्याजोग्या वस्तूतून एक न विकण्याजोगी वस्तू वेगळी काढतो.

माझी आई कोपरा असा कापायची नाही. कात्री तिरकी धरून ती एक चीर द्यायची, शेवटच्या दोन-तीन दोऱ्यांपर्यंत नेऊन थांबायची. कोपरा पिशवीलाच लोंबत राहायचा. दूध ओतलं की पिशवीत घोटभर पाणी घालून हलवायची, ते पाणी चहाच्या आधणात. मग पिशवी उलटी करून नळाच्या तोटीवर. हे सगळं तिनं कुठं शिकलं होतं असं नाही. लहानपणी आमच्याकडं दूध किटलीत यायचं, गवळी दारात माप धरायचा. पिशवीचं दूध नंतर आलं. ते आलं तेव्हा तिनं त्या पिशवीला एखाद्या भांड्यासारखंच वागवलं. भांडं कुणी अर्धं कापून टाकत नाही. मी तिच्या शेजारी उभी राहून हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा विसरून गेले.

त्या दिवसापासून एक आठवडा मी घरात आलेलं आणि एकदाच वापरलं गेलेलं सगळं प्लास्टिक गॅलरीत खिळ्याला गोणी अडकवून तिच्यात साठवलं. काहीही फेकायचं नाही, असं घरातल्या सगळ्यांना सांगितलं. मुलगा पहिल्या दिवशी वैतागला, तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बिस्किटाच्या पुड्याचं आवरण गोणीत टाकून गेला. रविवारी गोणी गच्चीवर उपडी केली. भाजीच्या पातळ पिशव्या, दह्याचं डबडं, शेंगा चटणीचं पाकीट, कडक भाकरीचं आवरण, शाम्पूच्या पुड्या, औषधांच्या पट्ट्या, ऑनलाइन मागवलेल्या चपलेभोवतीची पिशवी आणि त्या पिशवीभोवतीची दुसरी पिशवी. चौघांचं घर, सात दिवस.

आमच्या गल्लीत भंगार आणि कचरा वेचणारी एक बाई येते. तिला वर बोलावून चहा दिला आणि विचारलं, यातलं तू काय नेशील? तिनं दोन मिनिटांत दोन ढीग केले. हात असे चालत होते, जणू तांदूळ निवडतेय. दुधाच्या पिशव्या इकडं. पाण्याच्या बाटल्या इकडं. तेलाचा कॅन इकडं. डबडं जरा उलटंसुलटं करून बघितलं, मग इकडं. बाकी सगळं तिकडं. चिप्सचं पाकीट तिनं उचललंच नाही, नुसतं पायानं सरकवलं. "हे चकाकतंय की नाही वैनी, ते कुणी घेत नाही. आणि ही पातळ, ही दिवसभर गोळा केली तरी किलो भरत नाही."

प्लास्टिकच्या पुनर्वापरावर मी पुष्कळ वाचलं होतं, पण ही दोन वाक्यं त्या सगळ्यापेक्षा मला जास्त कळली. चकाकणारं म्हणजे अनेक पदरी: प्लास्टिकचा एक थर, त्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख, परत प्लास्टिक. ते पदर एकमेकांपासून सुटे करणं परवडत नाही. आणि पातळ पिशवी इतकी हलकी, की ती उचलायला वाकण्याची मजुरीही निघत नाही. जे उचललं जात नाही, ते गल्लीतच राहतं. 'रिसायकल होतं' हा शब्द आपण फार सैल वापरतो. ते होतं की नाही, हे शेवटी एका बाईच्या कमरेवर आणि वजनकाट्यावर ठरतं. तिकडच्या ढिगाबद्दल काही करायचं तर ते आपल्याच हातात आहे, आणि तेही वस्तू घरात येण्याआधी. एकदा घरात आली की उशीर झालेला असतो.

माझं माहेर शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडं. आप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून देणं हे त्यांचं काम. आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांची खटखट चालायची, आणि आम्हाला ती ऐकू यायची ती फक्त वीज गेल्यावर, थांबायची तेव्हा. सोलापुरी चादर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणतात, दोन्ही बाजूंनी नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरावी. एक बाजू विटली की दुसरी. आमच्याकडं एक चादर आधी अंथरायची, मग पांघरायची, मग पापड वाळत घालायची, मग फरशी पुसायची झाली. शेवटी तिचे चार तुकडे चार ठिकाणी होते आणि चारही कामात होते.

आप्पांच्या सायकलच्या हँडलला एक पिशवी कायम असायची. गणवेशाच्या कापडाची. आमच्या शहरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, देशभर इथून माल जातो, आणि कापड कापताना उरलेल्या पट्ट्यांचे ढीग कारखान्याबाहेर पडलेले असतात. शेजारच्या काकू त्या पट्ट्या जोडून पिशव्या शिवायच्या. आप्पांची पिशवी एका बाजूनं खाकी, दुसऱ्या बाजूनं निळी चौकडी. घरी आले की ती उलटी करून झटकायची, चार घड्या घालायच्या आणि परत हँडलला. दुसरी एक खिशात असायची. मंडईत कुणी विसरून आलं, तर आप्पा ती काढून द्यायचे. ती परत यायची.

पिशवीला आमच्या गल्लीत चार शब्द होते. आम्ही पिशवी म्हणायचो, शेजारचे पद्मशाली काका तेलुगूत 'संची' म्हणायचे, समोरच्या कन्नड आजी 'चीला' म्हणायच्या आणि कोपऱ्यावरचे किराणावाले चाचा 'थैली'. चौघं आपापल्या भाषेत एकच वस्तू मागायचे आणि ती कापडाचीच आहे हे सांगावं लागायचं नाही. मग कॅरीबॅग आली. तिला मात्र चारही भाषांत कॅरीबॅगच म्हणतात. इतक्या भाषा बोलणाऱ्या या शहराला तिच्यासाठी स्वतःचा शब्द करावासा वाटला नाही, कारण ती कुणाची नव्हतीच. आली, गेली.

गंमत वाटेल, पण ही पिशवी टाकून देण्यासाठी जन्मालाच आली नव्हती. आज आपण जिला कानाची पिशवी म्हणतो, वर दोन कान असलेली, तिची रचना स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्यानं केली आणि 1965 साली तो ज्या कंपनीत होता त्या सेलोप्लास्टनं तिचं पेटंट घेतलं. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, तर हलकी, मजबूत, पुन्हापुन्हा वापरता येणारी पिशवी असावी, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या मुलानं सांगितलंय, की वडील एक पिशवी घडी घालून नेहमी खिशात ठेवायचे. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आप्पाच आले. तिकडं स्वीडनमध्ये एक माणूस खिशात घडी घालून ठेवतोय, इकडं अशोक चौकात दुसरा. एकाच्या खिशात प्लास्टिक, दुसऱ्याच्या खिशात कापड, आणि दोघांनाही ती टाकायची कल्पना सुचत नाही. थुलिनची पिशवी जगभर गेली. त्याचा खिसा गेला नाही.

मध्यंतरी एका कार्यक्रमात आम्हा सगळ्यांना 'कापडी' पिशव्या वाटल्या. प्लास्टिकमुक्तीचाच कार्यक्रम होता, वर घोषणाही छापलेली. हिरवी, मऊ, जाळीदार दिसणारी पिशवी. मी तिच्यात कांदे भरून गच्चीच्या जिन्यात अडकवून ठेवली. मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढं, जिन्यात दुपारी तीन तास थेट ऊन. जूनमध्ये पिशवीला हात लावला तर कान हातात आले आणि पिशवी खाली बसली. कांदे पायरीवरून गडगडत गेले. बोटांना हिरवी भुकटी लागली होती. झटकली तर उडाली, ओल्या फडक्यानं पुसली तर फडक्यात रुतली.

आप्पांना मी एकदा विचारलं होतं, सूत खरं की खोटं हे कसं ओळखता? त्यांनी एक धागा काढून काडी लावली होती. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, जळत्या कागदाचाच वास येतो आणि चिमटीत धरलं तर मऊ राख होते. दुसरा धागा पेटवला, तो जळण्याऐवजी आक्रसला, टोकाला काळा थेंब जमला आणि गार झाल्यावर तो मोत्यासारखा टणक झाला. "हे अंगाला लागतंय, पण हे कापूस नव्हं," आप्पा म्हणाले. स्वस्तात 'सोलापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाहेरच्या चादरींच्या बाबतीत त्यांनी अशा किती काड्या ओढल्या असतील कुणास ठाऊक.

त्या हिरव्या पिशवीचा उरलेला काठ मी गॅसजवळ नेऊन काडी लावली. आक्रसला. थेंब झाला. टणक.

ही नॉन-वोव्हन पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, सरळसरळ प्लास्टिक. ते विणलेलं नसतं, तंतू गरम करून एकमेकांना चिकटवलेले असतात. ऊन लागलं की तुटत जातं आणि भुकटी होतं, आणि भुकटी उचलायला तर कुणीच नसतं. माझा या पिशवीवर कॅरीबॅगेपेक्षा जास्त राग आहे, तो मी लपवणार नाही. कॅरीबॅग निदान आपण प्लास्टिक आहोत हे लपवत नाही. ज्या शहरानं चादर आणि टॉवेल विणून नाव मिळवलं, चादरीला भौगोलिक मानांकन मिळवलं, त्या शहरात न विणलेलं प्लास्टिक कापड म्हणून वाटलं जावं आणि आपल्यापैकी कुणी काडी ओढून पाहू नये, हे मला फार लागलं.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि कडक आहे. महाराष्ट्रात 23 मार्च 2018ला बंदीची अधिसूचना निघाली, 23 जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढं केंद्रानं 1 जुलै 2022पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कान कोरायच्या काड्या, मिठाईच्या डब्यावरचं आवरण असं बरंच काही बंद केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी, 31 डिसेंबरपासून, 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगा देशभर बंद झाल्या. 120 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा आठवा भागही नाही, पण मंडईत मिळणारी कुरकुरणारी पिशवी त्याच्या आसपासही नसते.

2018चा तो पावसाळा मला आठवतो. काही आठवडे लोक खरंच पिशव्या घेऊन निघत होते. हातातल्या वस्तू ओढणीत बांधून नेणारी मुलगी मी पाहिली, टोपीत अंडी घेऊन जाणारे आजोबा पाहिले. मग हळूहळू पातळ पिशवी परत आली, आधी गाड्याखाली, मग गाड्यावर.

लक्ष्मी मंडईत मी ज्यांच्याकडून पालेभाजी घेते, त्या दक्षिण सोलापूरच्या खेड्यातून येणाऱ्या अव्वांना मी एकदा थोडं तोऱ्यातच विचारलं, तुम्ही ही पिशवी ठेवताच कशाला? त्या कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या. थांबल्या नाहीत. "दहाची मेथी घेतंय गिऱ्हाईक. पिशवी दे म्हणतंय. नाही म्हटलं तर शेजारी जातंय. पिशवी फुकट येत नाही अक्का, माझ्याच पैशाची हाय. मला काय हौस हाय व्हय?"

मी घरी येईपर्यंत त्याच विचारात होते. दंड होतो तो अव्वांना. पिशवीचे पैसे जातात ते अव्वांचे. आणि रिकाम्या हातानं मंडईत येऊन ती मागणारे आपण, आपल्याला काहीच होत नाही. चांगल्या पगाराची माणसं दहा रुपयांच्या मेथीसाठी तिच्यापुढं हात पसरतात आणि ओझं तिच्यावर टाकून जातात. या बाबतीत मला विक्रेत्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पिशवी नेली की प्रश्न तिथंच संपतो. आता माझी एक पिशवी गाडीच्या डिकीत, एक पर्समध्ये, दोन दाराच्या खुंटीला. आल्यावर भाजी काढली की पिशवी झटकून लगेच परत खुंटीला, हा नियम. विसरण्याचं कारण तेच असतं: पिशवी स्वयंपाकघरात राहते आणि माणूस दारातून बाहेर पडतो.

सगळीकडं इतकं सोपं नाही, तेही सांगते.

आईची पंचाहत्तरी होती. दीडशे माणसं. मंगल कार्यालयात आमच्याकडं अलीकडं प्रत्येकाच्या पानाशेजारी पाण्याची छोटी बाटली ठेवतात. लोक दोन घोट घेतात आणि उठतात, मग ती निम्मी भरलेली बाटली तशीच ताटाबरोबर पोत्यात. ज्या गावात नळाला कधी तीन, कधी पाच दिवसांनी पाणी येतं, जिथं उजनीच्या पाण्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही, तिथं हे पाणी आणि ती बाटली दोन्ही फेकताना पाहवत नाही. मी म्हटलं, स्टीलची ताटं, स्टीलचे पेले. माझा भाऊ अण्णा म्हणाला, "दीडशे ताटं घासायला पाणी कुठून आणतेस?" टँकरचं पाणी आणून ताटं घासायची आणि त्याला पर्यावरण म्हणायचं? त्याचं म्हणणं खोडण्याजोगं नव्हतं. युज अँड थ्रो आमच्या शहरात का रुजलं, याचं निम्मं उत्तर नळात आहे.

दोन दिवस यावर घरात चर्चा झाली. शेवटी तोडगा आईनंच काढला. जेवायला पत्रावळी आणि द्रोण, पाण्याला स्टीलचे पेले, आणि पेला वरून प्यायचा, तोंड लावायचं नाही. तोंड न लावलेला पेला खंगाळून परत वापरता येतो. पूर्वी पंगतीत हेच होतं, तिनं काही नवं सांगितलं नव्हतं. कॅटरिंगच्या मुलानं पत्रावळी म्हणून जे आणून दाखवलं त्याच्या वरच्या बाजूला पानाचं चित्र आणि चकाकी होती. आईनं नख लावलं, कोपऱ्यातून पातळ पापुद्रा सुटला. कागदावर प्लास्टिकचा पदर. चहाच्या कागदी कपातही हाच असतो, म्हणून तर चहा गळत नाही. ते परत पाठवलं आणि खरी, पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ शोधायला अण्णा अर्धा दिवस फिरला. मिळाली. शेंगापोळी, भरलं वांगं, द्रोणात आमटी. दोन-तीन द्रोण कलंडले, एका पाहुण्याच्या धोतरावर आमटी गेली आणि अण्णानं माझ्याकडं पाहिलं. पण रात्री कार्यालय सोडताना आमच्याकडं एकच पोतं होतं, ते अण्णाच्या शेतातल्या उकिरड्यावर गेलं, आणि बाटली एकही नव्हती. पाण्याचा टँकर लागला नाही.

काही गोष्टी मला अजून सुटलेल्या नाहीत. दही मी घरी विरजते, पण सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सिरिंज आणि औषधांच्या पट्ट्या यायच्याच, आणि याव्यात. दवाखान्यातलं एकदाच वापरायचं प्लास्टिक जीव वाचवतं, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही. खरं तर म्हणूनच मेथीच्या जुडीसाठी तेच वापरणं मला जास्त खटकतं. शेंगा चटणी मात्र मी आता डबा घेऊन जाते. दुकानदार आधी डबा तोलतो, मग चटणीसकट तोलतो, एकदाही कुरकुर केली नाही.

संक्रांतीला आमच्या कॉलनीत हळदीकुंकू असतं. सिद्धेश्वरांची यात्रा त्याच दिवसांत, नंदीध्वज निघालेले असतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्त्यानं जात असतात, गावात दुसरं काही सुचत नाही. तरी बायका वाण ठरवण्यात महिनाभर घालवतात. मागची कित्येक वर्षं वाण म्हणजे प्लास्टिकचं काहीतरी: डबी, गाळणी, साबणाची पेटी. घरोघरी तेच जातं आणि घराघरातून तेच येतं. यंदा मी माहेरी गेले, त्याच काकूंच्या सुनेला गाठलं आणि गणवेशाच्या पट्ट्यांच्या पन्नास पिशव्या शिवून घेतल्या. खाकी, निळी चौकडी, मरून, एका शाळेची तर भडक पिवळी. बायकांना आवडल्या. फोटो काढले. मला वाटलं, काहीतरी जमलं.

मार्चमध्ये मी मंडईत, किराणा दुकानात, दुधाच्या डेअरीवर बघत होते. वाटलेल्यांतल्या मला चार दिसल्या. एकीच्या घरी गेले तर तिनं ती घडी घालून कपाटात ठेवलेली, 'छान आहे, खराब होईल' म्हणून.

मग मी जरा आकडे शोधले. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011 साली हिशेब मांडला होता, की नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानाला कमी जड व्हायची असेल तर ती 131 वेळा वापरली गेली पाहिजे. डेन्मार्कच्या 2018च्या अभ्यासात हवामानापुरता आकडा 52 आला, आणि पाणी, ओझोन असं सगळं धरलं तर काही हजारांवर गेला. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. मागांच्या शहरात वाढलेल्या मला हे पटायला वेळ लागला नाही. म्हणजे नवी कोरी कापडी पिशवी वाटून कपाटात ठेवली, तर हिशेब उलटाच. माझ्या पिशव्या निदान उरलेल्या पट्ट्यांच्या होत्या, त्यांचं कापड आधीच विणलेलं आणि टाकलेलं होतं. तरी कपाटात ठेवलेली पिशवी एकही कॅरीबॅग वाचवत नाही. आप्पांची खाकी-निळी पिशवी वर्षानुवर्षं आठवड्यातून सहा दिवस सायकलला होती. 131 तिनं पहिल्या सहा महिन्यांतच पार केले असतील.

शिवलेल्यातल्या नऊ पिशव्या माझ्याकडं उरल्या होत्या. त्या घेऊन एका शनिवारी मी अव्वांकडं गेले. म्हटलं, या इथं खिळ्याला अडकवा. कुणी रिकाम्या हातानं आलं तर द्या, पुढच्या खेपेला आणून दे म्हणा. अव्वांनी एक पिशवी ओढून पाहिली, शिवण नखानं तपासली. "आणून देतील?" म्हणाल्या. मी म्हटलं, आप्पांची यायची. त्यांना अर्थातच आप्पा कोण ते माहीत नव्हतं, पण त्यांनी नऊच्या नऊ अडकवल्या, कोथिंबिरीच्या वर.

घरी सिंकवर आता सकाळची दूधपिशवी मुलगा कापतो. चीर देतो, थांबतो, कोपरा लोंबता ठेवतो. एकदा गडबडीत पूर्ण कापला गेला, तर तो ओट्याखाली वाकून कोपरा शोधत बसला आणि शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत राहिली. सापडला. त्यानं तो पिशवीच्या आत टाकून पिशवी दुमडली.

पुढच्या शनिवारी अव्वांच्या खिळ्याला पाच पिशव्या होत्या. दोन जणी परत करताना पुन्हा घेऊन गेल्या होत्या, दोनांचा पत्ता नव्हता. परत आलेल्यांतली एक खाकी पिशवी जरा जड लागली म्हणून मी आत हात घातला. तळाशी दोन लिंबं होती, कुणाची तरी राहिलेली. अव्वांनी ती माझ्या हातातून घेतली, तराजूच्या कडेला वेगळी ठेवली आणि म्हणाल्या, "विचारत येईल ती. हिरव्या लुगड्यातली बाई हाय, सोमवारी येतीय."